डॉक्स सुधारायला घेताय? आधी एडिटर बंद करा

ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सुधारायचं ठरलं की पहिल्याच संध्याकाळी तीनपैकी एक गोष्ट होते. कुणी रीडमी (प्रकल्पाचं पहिलं माहितीपान) उघडून व्याकरण नीट करायला लागतो, कुणी जुनी थीम काढून नवी लावतो, नाहीतर कुणी ‘प्रकल्पाची ओळख’ नावाचं नवं पान लिहायला घेतो. तिन्ही कामं वाईट नाहीत. पण ती संपली तरी नव्या माणसाचं इन्स्टॉलेशन ज्या पायरीवर अडकत होतं, तिथेच अडकतं. मी तिन्ही प्रकार केलेत, थीमचा तर दोनदा.

कोड ठेवायची साईट असलेल्या गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली होती. अपुरं किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही अडचण ९३ टक्के लोकांनी नोंदवली, आणि आपण डॉक्समध्ये क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही, असं हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी सांगितलं. उरलेल्या चाळिसांत तुम्ही असाल तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. पायऱ्या १ ते ६ कुणालाही करता येतात. ७ आणि ८ साठी रेपोवर (प्रकल्पाच्या फाईलींच्या साठ्यावर) हक्क लागतात, म्हणजे त्या मेंटेनरांच्या, प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या. ९ वी भाषांतर करणाऱ्यांची.

(कमांड आणि फाईलची नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत. टाईप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

## १. काहीही न बदलता एकदा बिल्ड करा

रेपो क्लोन केल्यावर (त्याची प्रत आपल्या मशीनवर आणल्यावर) पहिलं काम वाचनाचं. मुळाशी ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाची फाईल असते, ती पूर्ण वाचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या: डॉक्स याच रेपोत आहेत की दुसऱ्या (कुबरनेटीसच्या डॉक्सचा रेपो वेगळाच आहे), बदल कोणत्या ब्रँचवर (कोडच्या शाखेवर) पाठवायचा, कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) सही लागते का, आणि लेखनशैलीचे नियम आहेत का. सहीचं प्रकरण नवख्यांना हमखास चकवतं. काही प्रकल्पांत गिट कमिटला ‘-एस’ हा पर्याय जोडावाच लागतो. तो राहिला की प्रकल्पाची आपोआप चालणारी तपासणी लाल होते, आणि माणूस आपलं लेखन चुकलं समजून तेच पुन्हा पुन्हा लिहीत बसतो.

मग बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या फाईलींपासून वेबपानं तयार करणं. त्याचं साधन स्फिंक्स असेल तर डॉक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक एचटीएमएल’. एमकेडॉक्स असेल तर ‘एमकेडॉक्स सर्व्ह’, आणि ब्राउझरमध्ये ८००० पोर्ट. ह्यूगो असेल तर ‘ह्यूगो सर्व्हर’ आणि १३१३ पोर्ट. किती वॉर्निंग आल्या तो आकडा कागदावर लिहून ठेवा. तुमचं काम संपेल तेव्हा तो वाढलेला नको. कमी झाला तर पीआरमध्ये (बदल स्वीकारा या विनंतीत) सांगायला एक बरी गोष्ट मिळाली.

सावधान: फंक्शन आणि क्लासची माहिती देणारी रेफरन्सची पानं बहुतेक वेळा कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनांवरून (डॉकस्ट्रिंग) आपोआप तयार होतात. तयार झालेल्या एचटीएमएल फाईलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते. पान हाताने लिहिलेलं आहे की तयार झालेलं, हे कळायला त्यातलं एखादं ठसठशीत वाक्य पूर्ण रेपोत शोधा. ते कोडच्या फाईलमध्ये सापडलं तर दुरुस्ती तिथेच करायची.

पडताळणी: एका पानात एक फालतू शब्द टाका आणि तो ब्राउझरमध्ये दिसतोय का बघा. दिसला की काढून टाका. न दिसल्यास तुम्ही चुकीची फाईल उघडली आहे. पुढे जाऊ नका.

## २. कोऱ्या मशीनवर, पान म्हणेल तसंच

हीच पायरी सगळे गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रकल्पावर महिनोन्‌महिने काम केलेल्या माणसाच्या मशीनवर डॉक्स तपासता येत नाहीत. त्याच्याकडे सगळं आधीच बसवलेलं असतं. कोरं मशीन मिळवायचे तीन मार्ग आहेत. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) सगळ्यात खरं, पण जड. कंटेनर (प्रोग्रामपुरतं वेगळं वातावरण) हलका, शिवाय त्यात गिट किंवा कर्लसुद्धा नसतं, त्यामुळे पानाने गृहीत धरलेल्या गोष्टी लगेच उघड्या पडतात. पण कंटेनरमध्ये आपण सहसा रूट म्हणून (सगळे हक्क असलेला यूजर म्हणून) वावरतो, तेव्हा परवानग्यांचे घोळ तिथे दिसत नाहीत. तिसरा मार्ग गरिबाचा: स्वतःच्याच लॅपटॉपवर नवीन यूजर खातं उघडायचं. पूर्ण कोरं नाही, पण तुमची सेटिंग, ओळख पटवणाऱ्या तुमच्या कळा आणि तुमची शॉर्टकट नावं तरी तिथे नसतात.

त्याहून चांगलं म्हणजे कोरा माणूस. आमचा एक छोटा प्रकल्प आहे, गावातल्या वाचनालयांसाठी पुस्तकांची देवघेव नोंदवणारं वेब ॲप. त्याचं इन्स्टॉलेशनचं पान तपासायला मी सांगलीच्या एका कॉलेजमधल्या मुलीला बसवलं, तिच्याच लॅपटॉपवर. मी मागे वही घेऊन. नियम एकच: मी बोलायचं नाही. वहीतलं पान असं आहे:

४ मि. – पायथॉनची कोणती आवृत्ती लागते ते पानावर नाही. आहे ती चालेल असं धरून पुढे.
११ मि. – पिप इन्स्टॉल (पायथॉनची पॅकेजेस बसवणारी कमांड) नाकारलं गेलं. लांबलचक एरर.
१९ मि. – एरर शोधून कुठूनतरी सिस्टिमची पॅकेजेस मोडायची परवानगी देणारा पर्याय आणला आणि लावला. (माझ्या पोटात गोळा.)
२६ मि. – सर्व्हर चालू होत नाही. सेटिंगची फाईल नाही म्हणतो.
३१ मि. – ‘सर, माझंच काहीतरी चुकतंय.’

तिचं काहीच चुकत नव्हतं. ११ व्या मिनिटाचा एरर हा २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) पासूनचा: सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने थेट काही बसवू द्यायचं नाही, आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी जागा) करायचं. आमच्या पानावर ती ओळच नव्हती, कारण पान त्याआधीचं. आणि २६ व्या मिनिटाची फाईल? रेपोत तिचा नमुना आहे. त्याची प्रत काढून नाव बदलायचं असतं. मी ते तीन वर्षांपूर्वी एकदा केलं, आणि तेव्हापासून ती फाईल माझ्या मशीनवर आहेच. पान मी शंभरदा वाचलं असतं तरी ती गाळलेली पायरी मला दिसली नसती.

कुणाला असं बसवलंत तर तो अडकल्यावर मदत करायचा मोह फार होतो. करू नका. अगदीच रडकुंडीला आला तर सांगा, पण कुठल्या मिनिटाला सांगितलं ते लिहा.

डॉक्स कुजतात ते असे, कोडला कुणी हात न लावता. जुन्या पानांवर हमखास सापडणाऱ्या चार गोष्टी:

- गिट पुश करताना (बदल रेपोवर चढवताना) गिटहबचा पासवर्ड द्या असं लिहिलेलं. १३ ऑगस्ट २०२१ पासून ते चालत नाही. टोकन किंवा एसएसएच कळ लागते.
- ‘मास्टर’ ब्रँचवर जा. ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवर नव्या रेपोची मुख्य ब्रँच ‘मेन’ असते, आणि पुष्कळ जुन्या प्रकल्पांनीही नाव बदललं.
- ‘डॉकर-कंपोज’ ही कंटेनर चालवायची कमांड, मध्ये हायफन. त्या पहिल्या आवृत्तीचे अपडेट जुलै २०२३ मध्ये थांबले. आता मध्ये मोकळी जागा.
- हिरोकूवर (ॲप चालवून देणाऱ्या सेवेवर) फुकट चढवा. तिथला फुकटचा प्रकार नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला.

पडताळणी: पहिल्या कमांडपासून चालू प्रोग्राम दिसेपर्यंत किती मिनिटं लागली आणि कितीदा पानाबाहेर जाऊन शोधावं लागलं, हे दोन आकडे तुमच्याकडे आहेत का? नसतील तर तुम्ही पान वाचलंय, चालवलेलं नाही.

## ३. अडखळण्यांची यादी, आणि तिचा क्रम

आता एडिटर उघडायला हरकत नाही, पण फक्त यादीसाठी. वहीतल्या नोंदींत दोन ठिकाणांहून भर घाला. एक, बंद झालेले इश्यू (प्रकल्पाकडे नोंदवलेल्या तक्रारी): ‘हा बग नाही, असं करा’ असं उत्तर देऊन बंद केलेला प्रत्येक इश्यू हा डॉक्समधला खड्डा असतो. दुसरं, प्रकल्पाच्या चॅटवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की तो यादीत.

प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: चूक, गायब किंवा धूसर. चूक म्हणजे पान खोटं सांगतं. गायब म्हणजे पायरीच नाही. धूसर म्हणजे सगळं आहे पण कळत नाही. कामाचा क्रम हाच ठेवा. लोक धूसरपासून सुरू करतात, कारण वाक्यं घासायला मजा येते. पण पायरी गायब असेल तर माणूस निदान विचारतो. चुकीची असेल तर तो ती पाळतो, आणि मग दोन तास स्वतःला दोष देतो.

पुसून टाकायच्या पानांची वेगळी यादी ठेवा. निम्मंच झालेलं, ‘लवकरच येत आहे’ असं लिहून पाच वर्षं पडलेलं पान सुधारण्यापेक्षा काढलेलं बरं. काढण्याचा पीआर मात्र मेंटेनरला विचारल्याशिवाय टाकू नका. कधीकधी त्या पानाकडे बाहेरून शेकडो दुवे आलेले असतात.

## ४. पान कशासाठी आहे, ते एका वाक्यात

डॅनिएले प्रोचिडा यांची ‘डायटॅक्सिस’ ही मांडणी इथे कामाला येते. डॉक्सचे चार प्रकार: शिकवणारं (ट्युटोरियल), एक काम करून देणारं (हाऊ-टू), तपशील पाहायचं (रेफरन्स) आणि समजावणारं. जँगोच्या (पायथॉनमध्ये वेब ॲप बनवायच्या चौकटीच्या) डॉक्समध्येही जवळपास अशीच विभागणी दिसेल. तुमच्या पूर्ण साईटची अशी फेररचना करायला जाऊ नका. त्यात सहा महिने जातात. फक्त हातात घेतलेल्या पानाच्या वर, स्वतःसाठी, एक वाक्य लिहा: हे पान वाचून माणूस काय करू शकेल? दोन वाक्यं लागली तर ती दोन पानं आहेत.

सगळ्यात जास्त आढळणारी भेसळ म्हणजे ट्युटोरियलमध्ये समजावणं. तिसऱ्या पायरीवर माणूस कमांड टाकायला उत्सुक असतो आणि आपण त्याला डेटाबेस मायग्रेशन म्हणजे काय यावर तीन परिच्छेद ऐकवतो. ते परिच्छेद उचला, वेगळ्या पानावर ठेवा, इथे एक दुवा.

## ५. लिहिताना

आमच्या पानावर एक वाक्य होतं. मूळ इंग्रजीत, अर्थ असा: ‘योग्य ते कॉन्फिगरेशन करून सर्व्हर सहज सुरू करता येतो.’ बदलल्यानंतर त्याचं हे झालं:

१. नमुना सेटिंग फाईलची प्रत काढा आणि तिचं नाव ‘.ईएनव्ही’ ठेवा.
२. ती फाईल उघडून ‘सीक्रेट की’ पुढे कोणतीही लांब अक्षरमाळ लिहा. बाकी ओळींना हात लावू नका.
३. सर्व्हर सुरू करा.
४. टर्मिनलमध्ये शेवटची ओळ पत्ता आणि ८००० पोर्ट दाखवणारी असेल. तसं न दिसता ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ असं आलं तर शेवटचा भाग पाहा.

चौथी पायरी ही खरं तर पायरी नाही, खूण आहे. कमांडनंतर काय दिसायला हवं हे लिहिलेलं नसेल तर वाचणाऱ्याला आपण बरोबर चाललोय की नाही हे कळायचा मार्गच नसतो. प्रत्येक कमांडला नको. जिथे वाट चुकायची शक्यता आहे तिथे हवीच. आणि ‘सहज’, ‘फक्त’, ‘नुसतं’ हे शब्द इंग्रजीत असोत की मराठीत, शोधून काढून टाका. ज्याला ते सहज जमलं नाही त्याच्या डोक्यावर ते बसतात.

आता कमांड लिहिण्याच्या बारीक गोष्टी. यातल्या बहुतेक मी चुकून शिकलोय.

कमांडच्या सुरुवातीला डॉलरची खूण देऊ नका. लोक ती खुणेसकट कॉपी करतात आणि ‘कमांड सापडली नाही’ येतं. कमांड आणि तिचं आउटपुट एकाच चौकटीत ठेवू नका, कारण कॉपीचं बटण दोन्ही उचलतं. वाचणाऱ्याने बदलायची जागा कोनी कंसात दाखवण्याची सवय पसरली आहे, पण टर्मिनलमध्ये त्या कंसांना स्वतःचा अर्थ आहे, इनपुट-आउटपुट वळवण्याचा. तशीच कॉपी झाली तर विचित्र एरर येतो. त्यापेक्षा ‘तुमचं यूजरनेम’ अशा अर्थाचा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहा.

उदाहरणात खऱ्या सर्व्हरचा पत्ता किंवा खरं टोकन कधीही नको. नमुन्याच्या पत्त्यांसाठी ‘एक्झॅम्पल डॉट कॉम’ हे डोमेन राखून ठेवलेलं आहे, आणि आयपी हवा असेल तर १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते खास डॉक्युमेंटेशनसाठीच आहेत.

स्क्रीनशॉट कमीत कमी. बटणाची जागा बदलली की तो खोटा ठरतो, आणि कोडमधलं नाव शोधून बदलता येतं तसं चित्रातलं बदलता येत नाही. घेतलाच तर त्यात तुमच्या ब्राउझरचे टॅब आणि ईमेल दिसत नाहीत ना, हे बघा.

सावधान: मजकूर आधी वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर लिहून मग डॉक्समध्ये चिकटवू नका. वर्डसारखे प्रोग्राम सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतात आणि दोन हायफनचा एक लांब डॅश करतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, टर्मिनलला दिसतो. हा प्रकार शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

पडताळणी: आता स्वतःच्या पानावरच्या कमांड एकेक करून कॉपी करा आणि त्याच कोऱ्या मशीनवर चालवा. आठवणीतून टाईप करू नका. मिनिटांचा आकडा दुसऱ्या पायरीतल्या आकड्यापेक्षा कमी यायला हवा.

## ६. पीआर: लहान, एका विषयाचा

माझा एका प्रकल्पातला पहिला डॉक्सचा पीआर चाळीसेक फाईलींचा होता. तीन दिवस खपून केलेला. दोन महिने कुणी बघितला नाही, तोवर निम्म्या फाईली बदलल्या, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) आले, आणि शेवटी तो आपोआप बंद करणाऱ्या बॉटने बंद केला. तेव्हा राग आला होता. आता स्वतः पीआर तपासतो तेव्हा कळतं: चाळीस फाईली वाचायला कुणाकडेच संध्याकाळ नसते, आणि त्यातली एक जरी शंकास्पद असली तरी उरलेल्या ३९ अडकून पडतात.

यादीतली एक नोंद म्हणजे एक पीआर. वर्णनात तीन गोष्टी: काय चुकत होतं, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं, आणि आता काय होतं. तिसरी गोष्ट लिहिली की मेंटेनरला स्वतः चालवून बघायची गरज उरत नाही, आणि मर्ज (बदल प्रकल्पात सामील होणं) लवकर होतो.

मजकूर बदलताना ओळींची लांबी ‘नीट’ करू नका. एडिटरने पूर्ण परिच्छेद पुन्हा ओळींत बसवला की बदललेला शब्द एकच असला तरी डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) दहा ओळी लाल-हिरव्या दिसतात. नवीन मजकूर लिहिताना एका ओळीत एक वाक्य ठेवा. पानावर तो परिच्छेद म्हणूनच दिसतो, डिफ मात्र स्वच्छ राहतो. प्रकल्पाचा वेगळा नियम असेल तर अर्थातच तो.

स्वल्पविराम हलवणारे, ‘उत्तम प्रकल्प’ असं रीडमीत घालणारे पीआर नकोत, हे सांगायला लागू नये. पण २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला पीआर पाठवायची ऑक्टोबरमधली मोहीम) टी-शर्टसाठी असल्या पीआरचा एवढा पूर आला की आयोजकांना महिना संपायच्या आतच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः सहभागी होतील त्यांच्यापुरताच तो मर्यादित करावा लागला. तेव्हापासून रीडमीला हात लावणाऱ्या अनोळखी पीआरकडे मेंटेनर जरा कपाळाला आठ्या घालूनच बघतात. तुमच्या पीआरमध्ये ‘कोऱ्या डेबियन १२ वर चालवून पाहिलं’ अशी ओळ असली की त्या आठ्या जातात.

उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबून एकदा नम्रपणे विचारा. दुसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी त्याच प्रकल्पातला दुसऱ्याचा एखादा पीआर तपासून त्यावर टिप्पणी द्या. आश्चर्य वाटेल, पण यानेच तुमच्या पीआरकडे लक्ष जातं.

पडताळणी: बऱ्याच प्रकल्पांत पीआर टाकल्यावर पानाचा प्रिव्ह्यू आपोआप तयार होतो, रीड द डॉक्स या डॉक्स ठेवायच्या साईटवर ही सोय आहे. तो उघडून मोबाईलवरही बघा. रुंद टेबल आणि लांब कमांड तिथेच फुटतात.

## ७. यंत्राला सांगता येईल ते यंत्राला

हाताने केलेली साफसफाई सहा महिने टिकते. पुढचं यंत्रावर सोपवायचं, पण सगळं एकदम नाही.

पहिली तपासणी तुटलेल्या दुव्यांची. स्फिंक्समध्ये ‘लिंकचेक’ आतच आहे. इतरांसाठी ‘लायची’ हे साधन झकास. पण ही तपासणी प्रत्येक पीआरवर लावू नका. बाहेरची कुठलीतरी साईट दहा मिनिटं बंद असली की बिचाऱ्या नवख्याचा पीआर लाल होतो, त्याचा काहीही दोष नसताना. बाहेरचे दुवे आठवड्यातून एकदा, आतले दुवे प्रत्येक पीआरला.

दुसरी, उदाहरणं चालवून पाहणं. पायथॉनमध्ये ‘डॉकटेस्ट’ हे मॉड्यूल भाषेसोबतच येतं. डॉक्समधला कोड चालवून लिहिलेलं उत्तर खरंच येतं का ते तपासतं. रस्ट भाषेत तर ‘कार्गो टेस्ट’ म्हटलं की लायब्ररीच्या डॉक्समधली उदाहरणंही चालतात. इथे गोम अशी की वेळ, तारीख, मेमरीतले पत्ते असं दरवेळी बदलणारं आउटपुट असेल तर तपासणी उगाच पडते. अशी उदाहरणं आधी बदला, मग तपासणी चालू करा. उलट क्रमाने केलं तर आठवड्याभरात कुणीतरी वैतागून तपासणीच बंद करतं.

लेखनशैली तपासणारी ‘व्हेल’सारखी साधनं सगळ्यात शेवटी, आणि सुरुवातीला फक्त सूचना म्हणून.

## ८. कोडचा पीआर डॉक्सशिवाय मर्ज करायचा नाही

मेंटेनर असाल तर हा एक नियम बाकीच्या सगळ्याला पुरून उरतो. जँगोमध्ये नवीन सोय आणायची तर तिचं डॉक्युमेंटेशन सोबत लागतंच. छोट्या प्रकल्पात पीआरच्या टेम्पलेटमध्ये एक चौकोन पुरतो: ‘वापरणाऱ्याला काही वेगळं दिसेल का? असल्यास कोणतं पान बदललं?’ नुसतं ‘डॉक्स अपडेट केले’ असा चौकोन ठेवलात तर लोक न वाचता टिक करतात. पानाचं नाव मागा.

नवीन गोष्ट कोणत्या आवृत्तीत आली ते तिथल्या तिथे लिहा. स्फिंक्समध्ये त्यासाठी ‘व्हर्जनॲडेड’ आणि ‘व्हर्जनचेंज्ड’ अशा खुणा आहेत. त्या साचत जातात. जँगोवाले दर रिलीजच्या वेळी दोन रिलीजपूर्वीच्या खुणा काढून टाकतात, ती पद्धत उचलण्यासारखी आहे.

रीड द डॉक्स वापरत असाल तर एक सापळा ओळखून ठेवा. तिथलं ‘लेटेस्ट’ हे तुमच्या मुख्य ब्रँचचं असतं आणि ‘स्टेबल’ शेवटच्या रिलीजचं. लोक पिपने रिलीज झालेली आवृत्ती बसवतात, आणि शोध घेऊन ‘लेटेस्ट’च्या पानावर पोचतात. मग पानावर असलेला पर्याय त्यांच्या प्रोग्राममध्ये नसतो, आणि इश्यू उघडतो: ‘डॉक्स चुकीचे आहेत.’ मूळ पत्ता ‘स्टेबल’कडे वळवा, आणि ‘लेटेस्ट’वर वरती पट्टी लावा.

सावधान: पान हलवलं किंवा त्याचं नाव बदललं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट द्या. मधल्या शीर्षकांनाही हे लागू आहे: शीर्षकाचे शब्द बदलले की त्याचा अँकर (त्या भागाचा थेट पत्ता) बदलतो, आणि बाहेरून थेट त्या भागाकडे येणारे दुवे गुपचूप पानाच्या माथ्यावर येऊन पडतात. पान उघडतं, त्यामुळे अँकर न पाहणाऱ्या दुवे-तपासणीला काहीच कळत नाही.

रिलीजच्या आदल्या दिवशी अर्धा तास राखून ठेवा: इन्स्टॉलेशनचं पान कोऱ्या कंटेनरमध्ये एकदा, पहिलं ट्युटोरियल एकदा. बाकी पानांना वेळ मिळाला तर.

## ९. मराठीत आणायचं असेल तर

मूळ पानं ८ व्या पायरीपर्यंत आलेली नसतील तर भाषांतर सुरू करू नका. चुकीच्या पानाचं सुंदर मराठी भाषांतर म्हणजे आता दोन पानं दुरुस्त करायची.

आधी शब्दांची यादी करा. फाईल, फोल्डर, सर्व्हर, ब्रँच हे शब्द आहेत तसेच ठेवा. ‘संचिका’ म्हटलं की वाचणारा थबकतो. प्रोग्रामचा इंटरफेस मराठीत असेल (लिब्रेऑफिस, फायरफॉक्सचा आहे) तर मेनूत दिसतो तोच शब्द डॉक्समध्ये, तुम्हाला तो आवडो वा न आवडो. कमांड, फाईलची नावं, एररचा मजकूर याला हात लावायचा नाही. एरर मूळ भाषेत ठेवून खाली अर्थ द्या, कारण माणूस तो एरर जसाच्या तसा शोधणार आहे.

स्फिंक्सच्या प्रकल्पात भाषांतर पीओ फाईलींतून चालतं, त्यांत मूळ वाक्य आणि भाषांतर जोडीने असतं. मूळ वाक्य बदललं की जुन्या भाषांतरावर ‘फझी’ अशी खूण लागते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ते वाक्य पानावर पुन्हा इंग्रजीत दिसायला लागतं. लोक घाबरून सगळ्या खुणा एका झटक्यात काढतात. तसं करू नका. खूण म्हणजे ‘मूळ बदललंय, एकदा बघ’ एवढंच. कदाचित एक स्वल्पविराम बदलला असेल, कदाचित कमांडच.

एमकेडॉक्समध्ये मराठी शीर्षकांची एक खास गंमत आहे. मुळातल्या सेटिंगनुसार अँकर तयार करताना रोमन नसलेली अक्षरं गाळली जातात, त्यामुळे ‘इन्स्टॉलेशन’ आणि ‘पहिला प्रोग्राम’ या दोन शीर्षकांचे अँकर ‘_१’ आणि ‘_२’ असे (इंग्रजी आकड्यांत) होतात. मध्ये एक शीर्षक घातलं की पुढचे सगळे दुवे एकेक घर सरकतात. युनिकोड चालू ठेवणारी जोडणी मिळते, पण अक्षरं निवडणाऱ्या साध्या पॅटर्नमध्ये पायथॉन आपल्या काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे कधीकधी ‘पहिला’चा ‘पहल’ होतो. सरळ उपाय: प्रत्येक शीर्षकाला हाताने रोमन अँकर द्या, इंग्रजी पानावर असेल तोच. मग भाषा बदलल्यावरही माणूस त्याच भागात उतरतो.

किती पानं घ्यायची? तुमच्याकडे एकच माणूस असेल तर इन्स्टॉलेशन आणि पहिलं ट्युटोरियल, बस. आणि मराठी पानाच्या वर एक ओळ: हे भाषांतर मूळ पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून, कोणत्या महिन्यात केलं. आमच्या वाचनालयाच्या ॲपवर ती ओळ आहे, शेजारी इंग्रजी पानाचा दुवा आहे, आणि रिलीजच्या आदल्या दिवशीच्या अर्ध्या तासात पाच मिनिटं फझी खुणा मोजायला ठेवली आहेत. गेल्या खेपेला सात होत्या. त्यातल्या सहा विरामचिन्हांच्या होत्या, आणि सातवी नेमकी सेटिंगच्या फाईलची प्रत काढायची.